संत्र्याला साडेतीन ठिपके

तिगावात हल्ली वरातीच्या आधी ड्रोन निघतो. नवरदेवाचा फेटा अजून बांधून व्हायचा असतो, बँडवाल्यांचा चहा व्हायचा असतो, कुणाला टॉवेल-टोपी पोचली नाही यावरून एक रुसवा रंगात आलेला असतो. पण वर आकाशात ते चार पंख्यांचं प्रकरण कधीचंच भुणभुणायला लागलेलं असतं. खालची सगळी मंडळी माना वर करून त्याच्याकडे बघतात. त्यामुळे अलीकडच्या शूटिंगमध्ये पाहुण्यांचे चेहरे फार छान येतात. नवरदेवाचं सगळं लक्ष घोड्यावरून न पडण्याकडे असतं, त्याचा आपला फेटा येतो.

हा ड्रोन माझ्या मामेभावाचा. वजन २४९ ग्रॅम, म्हणजे चांगल्या पोसलेल्या दोन संत्र्यांएवढं. आपल्या २०२१ च्या नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ धरतात आणि त्याला परवान्याचा काच कमी असतो. असल्या नियमांकडे बघूनच कंपन्या वजन एका ग्रॅमने अलीकडे आणून ठेवतात. कायद्याच्या रेषेला इतकं नेमकं चिकटून उभं राहण्याची कला मी याआधी फक्त गावातल्या ओट्यांच्या बांधकामात पाहिली होती.

तिगाव पांढुर्ण्याच्या पुढे, नागपूर–इटारसी रेल्वेवर. इथून पुढे गाडी सातपुडा चढायला लागते. १९५६ मध्ये राज्यांच्या हद्दी नव्याने आखल्या तेव्हा विदर्भ पलीकडे गेला आणि छिंदवाड्याचा हा मराठी पट्टा मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला. इथली पोरं शाळेत हिंदी शिकतात, घरात वऱ्हाडी बोलतात आणि कॉम्प्युटर अटकला की दोन्ही भाषा एकदम वापरतात. मी नागपुरात, समोर कॉम्प्युटर असलेल्या टेबलावर नोकरी करतो. एवढ्या भांडवलावर इथे मला त्या यंत्राचा डॉक्टर समजतात. त्यातून मी भाचा. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो, आणि पाया पडून सांगितलेलं काम टाळता येत नाही.

काम बागेचं होतं. आमच्याकडे संत्रा बहुतेक झाडावरच विकला जातो. व्यापारी येतो, बागेत चक्कर मारतो, दोन-चार झाडांखाली उभा राहतो आणि आख्ख्या बागेचा उक्ता आकडा सांगतो. मामाचं जुनं दुखणं असं, की व्यापारी नेमका सगळ्यांत मरतुकड्या झाडाखाली जाऊन उभा राहतो. यंदा आंबिया बहाराचा संत्रा रंगावर आला तेव्हा मामाच्या डोक्यात आलं, की घरचा ड्रोन लोकांच्या वराती काढत फिरतो, तर त्याने एकदा घरची बागही काढावी. सगळी झाडं एकदम दिसली की व्यापाऱ्याची उभं राहण्याची जागाच संपली.

मामेभावाने बाग फोर-केमध्ये घेतली. मोबाइलवर पाहिली तेव्हा घरातले सगळे गप्प झाले. हिरव्या रांगा, त्यांत पेटलेली फळं, कडेने पाटाचं पाणी, मागे सातपुड्याची निळी कड. मग ती क्लिप मोठ्या पडद्यावर पाहावी म्हणून ओळखीच्या एका फोटोच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर टाकली. बाग दोन पावलं सरकायची आणि थबकायची. पुन्हा एकदम पुढे उडी मारायची. पानांचा सांजा झाला, मधूनच करड्या ठोकळ्यांची लाट यायची, आणि दूरच्या घरांची कवेलू मुंग्या सोडल्यासारखी वळवळायला लागली. गंमत म्हणजे त्याच बागेची आदल्या हंगामातली साधी फुल एचडी क्लिप त्याच कॉम्प्युटरवर तुपासारखी चालत होती.

“चौपट साफ दिसन म्हणत होता ना बे तू?” मामा म्हणाला. “हे तं पुरं चौपट झालं.”

“बाबा, ड्रोनमंधी काही फॉल्ट नाही,” मामेभाऊ म्हणाला. “दादा, तूच सांग आता.”

दादा सांगायला बसला. कागद घेतला, कारण आमच्याकडे कागदावर आकडे मांडले की माणूस खरा वाटतो.

फोर-के म्हणजे आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके. एकूण ८२,९४,४००. फुल एचडीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६००. इथवर चौपट खरंच. ड्रोन ५० मीटरवर असला तर त्याच्या रुंद भिंगात जमिनीचा साधारण ७५ मीटरचा पट्टा मावतो. ७५ मीटर ३८४० ठिपक्यांत वाटले, की एका ठिपक्याच्या वाट्याला सुमारे दोन सेंटिमीटर येतात. आपला संत्रा सात सेंटिमीटरचा धरला तर त्याला रुंदीत साडेतीन ठिपके मिळतात. फुल एचडीत पावणेदोन.

“एका संत्र्याचे साडेतीन,” मामा विचारात पडला. “म्हणजे व्यापाऱ्याले साडेतीन संत्रे दिसतीन का?”

तेवढी सोय विज्ञानात अजून झालेली नाही. उलट पुढचा हिशेब पडता आहे. दुकानातल्या मॉनिटरवर मुळात १३६६ गुणिले ७६८ एवढेच ठिपके आहेत, म्हणजे साडेदहा लाखांच्या आत. ८३ लाख ठिपके आले आणि बसायला जागा साडेदहा लाखांना. आठांतल्या सातांना दारातूनच परत पाठवावं लागतं. पडद्यावर शेवटी आपल्या संत्र्याला उरतो सव्वा ठिपका. आणि कुणाला आत घ्यायचं, कुणाला परत पाठवायचं, हे ठरवणारा प्लेअर घाईचाच असतो. शेजारच्या आठ ठिपक्यांची सरासरी काढून एक बनवला तर चित्र उलट सुरेख येतं. पण त्याला वेळ लागतो. घाईचा प्लेअर सरासरी काढत बसत नाही, हाताला येईल तो ठिपका उचलतो. या चित्रात एका पानाचा उजेड उचलला, पुढच्या चित्रात शेजारच्या सावलीचा. कवेलूच्या ओळी, टिनाच्या पन्हाळ्या, सहा-सहा मीटरवर लावलेल्या झाडांच्या रांगा, असं जे जे ओळीत असतं ते ते मग थरथरतं. मूळ चित्र जितकं बारीक, तितकी ही थरथर जास्त. फुल एचडीतली कवेलू आधीच थोडी पुसट असतात, त्यामुळे ती शांत बसतात.

रंगाची कथा तर आणखी कंजूष. माणसाच्या डोळ्याला उजेडातला फरक चटकन कळतो, रंगातला तितका कळत नाही. या कमकुवतपणाचा फायदा रंगीत टीव्हीच्या काळापासून सगळेच घेत आलेत. नेहमीच्या व्हिडिओत उजेड प्रत्येक ठिपक्याचा वेगळा लिहितात, रंग मात्र चार ठिपक्यांत मिळून एकदा. म्हणजे साडेतीन ठिपक्यांच्या संत्र्याला रंगाचे धड दोनही ठिपके मिळत नाहीत. कडेचा केशरी पानात पाझरतो, पानाचा हिरवा फळात. ज्या रंगासाठी सकाळपासून खटाटोप चालला होता, त्यालाच पहिली कात्री. मामाला हे पटलं नाही. त्याच्या मते हिरव्यातून कापायला पाहिजे होतं, हिरवा भरपूर आहे.

आता एवढे ठिपके, सेकंदाला ३० वेळा. नुसते जसेच्या तसे लिहायचे म्हटलं, रंगातली काटकसर करूनसुद्धा, तर सेकंदाला सुमारे ३०० कोटी बिट होतात. मामेभावाचा ड्रोन कार्डावर लिहितो १० कोटी. तिसातले एकोणतीस गेले कुठे? ते लिहिलेच नाहीत. दर थोड्या वेळाने एक चित्र पूर्ण लिहायचं आणि मधल्या चित्रांत फक्त काय सरकलं, कुठे सरकलं, किती बदललं एवढंच नोंदवायचं, अशी ही रीत. २००३ साली ठरलेल्या एच.२६४ मध्ये ती आहे, २०१३ च्या एच.२६५ मध्ये ती आणखी घट्ट केली आहे. स्टेजवर नवरा-नवरी बसलेत आणि पाहुणे पाकीट देऊन जातायत, अशा शूटिंगला ही रीत वरदान आहे. मागचा पडदा बदलत नाही, खुर्च्या बदलत नाहीत, नवरदेवाचा चेहराही विशेष बदलत नाही. बाग मात्र या रीतीची परीक्षा बघते. ड्रोन पुढे सरकतो तसं चित्रातलं सगळंच सरकतं. जवळचं झाड भरभर, दूरचं हळू, आणि त्यावर वारा सुटला की प्रत्येक पान स्वतःच्या मताने. काय बदललं याची यादीच पूर्ण चित्राएवढी व्हायला लागते. बिट तेवढेच. मग लिहिणारा बारीक पानं सोडून देतो आणि त्या जागी एक हिरवा लेप लावतो. अनेक छोट्या ड्रोनमध्ये ठिपके चौपट होतात, पण त्यांच्या वाट्याचे बिट काही चौपट होत नाहीत. म्हणजे ताटं वाढली, वाढपी तोच.

एवढं होऊनही मोबाइलवर तीच क्लिप सुंदर दिसत होती, हे मामेभावाने सारखं दाखवून दिलं. तो मुद्दा बिनतोड होता. कार्डावरची फाइल एकच, मग मोबाइल जिंकतो आणि टेबलावर बसलेला मोठा डबा हरतो, हे कसं?

हे चाललेलं असताना ओट्यावर रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका येऊन बसले होते. त्यांची बरीच नोकरी याच लाइनवर गेली. तिगाव ते चिचोंडा हा घाट त्यांना पाठ. त्यांनी विचारलं, “वजन जास्त झालं म्हणता ना? मंग मांगून एंजिन काहून नाही लावत?”

या घाटात जड मालगाडीला मागून ढकलायला जोडीचं इंजिन लावतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि काकांनी न बघता दुखण्यावर बोट ठेवलं होतं. दाबून लिहिलेला व्हिडिओ उलगडणं हे घाट चढण्यासारखंच काम आहे. एका चित्राला जेमतेम ३३ मिलिसेकंद मिळतात, आणि तेवढ्यात आधीची चित्रं धुंडाळून ८३ लाख ठिपके पुन्हा उभे करायचे असतात. एच.२६५ मध्ये तर लिहिताना जागा वाचते ती उलगडण्याच्या घामाने फेडावी लागते. मोबाइलच्या चिपमध्ये एवढ्या एका कामासाठी वेगळा तुकडाच बसवलेला असतो. तो दुसरं काही करत नाही आणि फार वीजही खात नाही. कॉम्प्युटरच्या चिपांत इंटेलने एच.२६५ साठी ती सोय दिली २०१५ च्या सहाव्या पिढीपासून. दुकानातला डबा त्याच्या आधीचा. त्याच्याकडे मागचं इंजिन नाही, त्यामुळे मुख्य प्रोसेसर एकटाच धापा टाकत चढतो.

“अन् चढलं नाही तं?”

“मग तो वेळ गाठायला मधली चित्रं गाळतो.”

“म्हणजे डबे सोडून देते!” काकांना हसू आवरेना. “आम्ही डबे सोडून मुलताईले गेलो असतो तं डिसमिसच झालो असतो ना बाप्पा.”

ज्या चित्राच्या आधाराने पुढची रचायची तेच हातातून सुटलं, की करडे ठोकळे दिसतात. बाकी वेळी नुसती उडी. आणि ही उडी ड्रोनच्या शूटिंगमध्येच डोळ्यांत खुपते. स्टेजवरच्या माणसाची चार चित्रं गळली तर कुणाला कळणार? पण ड्रोन एकसारख्या चालीने सरकत असतो. चालीत खंड पडला की पोटात ढवळतं.

काकांच्या डब्यांवरून उपायही आपोआप निघाला. वजन कमी करायचं, म्हणजे फोर-केची फुल एचडी प्रत बनवून ती लावायची. एडिटिंग करणारे हेच करतात. कामापुरती हलकी प्रत घेऊन कापाकापी करायची आणि शेवटी मूळ फाइल जोडून द्यायची. अशी सावकाश, सरासरी काढून बनवलेली प्रत थेट फुल एचडीत घेतलेल्या शूटिंगपेक्षा बऱ्याचदा जास्त नितळ येते, कारण तिचा प्रत्येक ठिपका चार ठिपक्यांच्या कमाईवर बसलेला असतो. म्हणजे फोर-केचे पैसे वाया गेले नव्हते. दुकानवाल्याने रात्री प्रत करायला लावली. त्या मशीनला ते काम रात्रीलाच जमण्यासारखं होतं, आणि लाइट गेली नाही, याचं श्रेय मामीने जामसावळीच्या मारुतीला दिलं.

प्रत सुरळीत चालली, तरी थोडा झटका उरलाच. त्याचा कॉम्प्युटरशी संबंध नव्हता. ऑक्टोबरचं ऊन कडक, आणि या छोट्या ड्रोनच्या भिंगाचं छिद्र लहान-मोठं होत नाही. उजेड आवरायला कॅमेरा शटर जलद करतो आणि प्रत्येक चित्र जागच्या जागी गोठतं. सेकंदाला ३० चित्रं असतील तर प्रत्येक चित्र सेकंदाच्या साठाव्या भागाएवढं उघडं राहावं, अशी सिनेमावाल्यांची जुनी मोजपट्टी आहे. तेवढ्यात पानं किंचित पुसट होतात आणि डोळा ती पुसट जोडून घेतो. हजाराव्या-दोन हजाराव्या भागात घेतलेली पानं इतकी टोकदार येतात की जोडायला काही उरतच नाही. त्यासाठी भिंगाला काळी काच लावतात. मामेभावाकडे ती होती. ती आत्याच्या मुलीच्या लग्नात, कुणाच्या तरी केसांच्या पिनांबरोबर, कुणाच्या तरी पर्समध्ये गेली. शिवाय त्याला कुणीतरी ‘सिनेमॅटिक’ म्हणून काही तुकडे ३० ऐवजी २४ चित्रांवर घ्यायला सांगितलं होतं. मॉनिटर सेकंदाला ६० वेळा ताजा होतो. त्यात २४ चित्रं बसवायची तर एक दोनदा आणि पुढचं तीनदा दाखवावं लागतं. बाग मग लंगडत चालल्यासारखी दिसते, मशीन कितीही नवं असो.

मला मात्र या सगळ्यात पांढुर्ण्याची गोटमार आठवत राहिली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवर पांढुर्णा आणि सावरगाव उभे राहतात, मधल्या पात्रात पळसाचं झाड, त्यावर झेंडा, आणि दोन्हीकडून दगड. अलीकडे प्रशासन त्या दिवशी सीसीटीव्हीबरोबर ड्रोनही उडवतं. असलं एक शूटिंग मी मोठ्या पडद्यावर पाहिलंय. नदीचं पाणी हलतंय, हजारो माणसं हलतायत, आणि मुठीएवढा दगड म्हणजे तीन-चार ठिपके, तेही वेगात. दाबून लिहिणाऱ्याला असला ठिपका म्हणजे कचरा वाटतो. तो पाण्याच्या लेपात मिसळून टाकतो. पडद्यावर दिसतं काय, तर दोन काठांवरची माणसं हात उगारतायत आणि मधूनच कुणीतरी डोकं धरून खाली बसतो. दगड कुठेच नाही. हॉस्पिटलातल्या टाक्यांना मात्र कॉम्प्रेशन लागत नाही. मला त्या जत्रेचं कौतुक कधीच जमलेलं नाही, आणि ते शूटिंग पाहिल्यापासून वरून घेतलेल्या कुठल्याच गर्दीच्या व्हिडिओवर माझा फारसा भरवसा उरलेला नाही.

म्हणूनच नेमकेपणा हवा असतो तिथे सरकारसुद्धा व्हिडिओच्या वाटेला जात नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये स्वामित्व योजना सुरू झाली, मध्य प्रदेश पहिल्या राज्यांपैकी. गावठाणातल्या घरांच्या हद्दी चुन्याने आखायच्या आणि वरून ड्रोनने मोजायच्या. पण तो ड्रोन एकावर एक चढणारे फोटो काढतो आणि ते जोडून नकाशा होतो. फोटो प्रत्येक वेळी सगळं नव्याने लिहितो, आधीच्या चित्राच्या भरवशावर राहत नाही. घराची हद्द हातभर इकडेतिकडे गेली तर काय होतं, हे ज्याने भाऊबंदकी पाहिली आहे त्याला सांगायला नको.

या फोटोच्या गुणावरूनच घरात पुढचा प्रकार झाला. फोर-के क्लिप चालताना लंगडत होती, पण थांबवली की चित्र लख्ख. उलगडायला हवा तेवढा वेळ मिळतो, आणि त्या जलद शटरने गोठवलेली पानं आता कामाला येतात. बागेतून परतताना ड्रोन गावावरून आला होता. मामेभाऊ एकेक चित्र थांबवून, बोटांनी मोठं करून दाखवत होता. हे मारुतीचं देऊळ, ही शाळा, हे आपलं घर. मामी इतका वेळ आमच्या ठिपक्यांकडे ढुंकून पाहत नव्हती. तिच्या दृष्टीने १९८७ साली शेजारच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर रामायण दिसलं होतं तेवढं स्पष्ट असलं की पुरे. दूरदर्शनच्या चित्रात उभ्या दिसणाऱ्या ओळी ५७६ होत्या, त्याही मुंग्यांनी भरलेल्या, आणि तरी लोक चपला काढून बसत. पण आता ती एकदम पुढे वाकली.

“थांब. मांगं घे. ते कोनाची गच्ची हाये?”

एका गच्चीवर वड्या वाळत घातल्या होत्या. वड्यांखाली पितळेची परात. तिचा काठ एका जागी चेपलेला. पन्नास मीटरवरून दीड फुटी परातीला वीस-बावीस ठिपके मिळतात, आणि चेपलेला काठ ओळखायला मामीला त्यातले तीन पुरले. ही परात अक्षय तृतीयेपासून सापडत नव्हती. “मीच देली होती का?” असं तिनं स्वतःलाच विचारलं, आणि मग चेहरा गोड करून ती त्या घरी हळदीकुंकवाचं बोलावणं करायला गेली. परात संध्याकाळी आली. वड्यांसकट.

त्या दिवसापासून फोर-केला घरात मान मिळाला. मामाने तर सगळे शब्द पाठ केले. पारावर बसून तो बिटरेट, कॉम्प्रेशन, मांगचं एंजिन असं बोलायला लागला. आणि व्यापाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर ती बागेची क्लिप गेली. जाता जाता ती दाबली जाऊन मुळाच्या कितव्या तरी हिश्शाएवढी राहिली होती. व्यापाऱ्याचा निरोप आला, “एक नंबर साफ हाये.” हाताएवढ्या पडद्यावर तेवढीही पुष्कळच असते.

तो सकाळी बागेत आला. मामाने त्याला झाडाखाली जाऊच दिलं नाही. बाजेवर बसवलं, चहा दिला आणि मामेभावाच्या मोबाइलवर मूळ फोर-के लावून हातात दिली. “पाहा. सारी बाग पाहा. एकबी झाड लपवलं नाही.”

व्यापारी शांतपणे पाहत होता. बहार वरून खरोखर छान दिसत होता. मग त्याने एका जागी क्लिप थांबवली, दोन बोटांनी चित्र मोठं केलं, अजून मोठं केलं. झाडांच्या घेराबाहेर, काळ्या मातीवर, केशरी-पिवळे ठिपके सांडले होते. एका झाडाखाली, मग दुसऱ्या. मग सगळ्या रांगेत. फळगळ. खालून चालताना गवतात लपली असती, मामाने पहाटे उठून वेचूनही टाकली होती. पण शूटिंग त्याच्या आधीचं होतं.

“पाटीलजी, हे खाली काय हाये?”

मामाने चष्मा लावला, मोबाइल जवळ घेतला, दूर धरला. माझ्याकडे एकदा पाहिलं.

“ते होय? ते फळ नाही. ते कॉम्प्रेशन हाये.”

“असं का,” व्यापारी म्हणाला आणि उरलेला चहा पिऊन त्याने कप बाजेखाली ठेवला. “मंग भावातबी थोडं कॉम्प्रेशन करा.”